गळासाठी जिवंत आमिष: ठाणे-नवी मुंबईतील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

ठाण्याहून सकाळच्या लोकलने बदलापूर, वांगणी किंवा खडवलीला गळ टाकायला निघालेल्या नवशिक्याचे आमिष बहुधा नदी दिसण्याआधीच मेलेले असते. घट्ट झाकणाच्या डब्यात कोंबलेली गांडुळे, थेट नळाच्या पाण्यात सोडलेल्या मासोळ्या आणि उन्हात तापलेली प्लॅस्टिकची पिशवी ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. काठी, रीळ, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि गळ यांची माहिती दुकानदार आनंदाने देतो. आमिष कसे सांभाळावे हे मात्र क्वचितच कोणी सांगते. मरळ, शिंगाळा, शिंगटी, वाम यांसारखे मासे मुख्यतः हालचालीवर आणि ताज्या वासावर येतात, त्यामुळे सुरुवात आमिषापासून केलेली बरी. येथे दिलेल्या सर्व सूचनांमागे तीन गोष्टी आहेत: आमिष थंड ठेवावे, थोडेच घ्यावे आणि एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात नेऊ नये.

आधी जागा ठरवावी

आमिष कोणते घ्यायचे हे जागेवरून ठरते, म्हणून जागेचा निर्णय आधी करावा. ठाणे ही तलावांची नगरी असली, तरी तलाव दिसला की गळ टाकावा असे करता येत नाही. अनेक तलाव आणि जलाशय मासेमारीसाठी सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना दिलेले असतात आणि तेथे त्यांची परवानगी लागते. गणेश विसर्जनाच्या काळात तर शहरातल्या तलावांवर जाऊच नये. येऊरच्या डोंगरातले ओढे आणि पाणवठे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात, तेथे मासेमारी करता येत नाही. ऐरोलीच्या बाजूचा ठाणे खाडीचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ते पाणी खारे आहे, त्यामुळे या लेखाचा विषयही नाही, आणि तेथून आमिष गोळा करणेही योग्य नाही. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे असून ते पिण्याच्या पाण्यासाठी आहे, आणि बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. अशा धरणांच्या काठी परवानगीशिवाय उतरू नये.

नवशिक्याला सोयीची ठिकाणे म्हणजे मध्य रेल्वेच्या जवळून वाहणाऱ्या नद्या. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर या पट्ट्यात उल्हास नदी आहे, टिटवाळ्याला काळू आहे आणि खडवलीला भातसा आहे. कल्याणच्या खाली उल्हास नदीत भरती-ओहोटीचे पाणी चढते, त्यामुळे गोड्या पाण्याचे मासे हवे असतील तर कल्याणच्या वरच राहावे. काठावर पोहोचल्यावर पहिली चौकशी स्थानिकांकडे करावी. या नद्यांवर कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबांची रोजची मासेमारी चालते आणि पाण्याचा स्वभाव त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नसतो. "काका, इथे बसलो तर चालेल का? वरून पाणी सोडलंय का?" एवढे विचारले, तरी जागाही कळते आणि धोकाही. पावसाळ्यात या नद्यांचे पाणी पाहता पाहता वाढते. धरणाखालच्या पात्रात तर आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही पाणी चढू शकते.

वालधुनीसारख्या कारखान्यांच्या आणि शहराच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या नदीतून, तसेच औद्योगिक पट्ट्यातल्या नाल्यांतून आमिष कधीही घेऊ नये. तेथल्या गाळात राहणाऱ्या जिवांच्या अंगात विषारी द्रव्ये साठलेली असू शकतात. ती आमिषामार्फत माशात आणि माशामार्फत आपल्या ताटात येतात.

कोणत्या माशाला कोणते आमिष

जिवंत आमिषाने सगळेच मासे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा मासा आहे, त्याच्यापुढे गांडूळ धरून फारसा उपयोग होत नाही. रोहूसाठीही कणीक, पेंड आणि भाताच्या कोंड्याचे गोळेच बरे. मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे तो कधीकधी गांडूळ उचलतो. या तिघांसाठी आमिष सांभाळण्याची खटपट करू नये असे मला वाटते.

चिलापी, म्हणजे तिलापिया, हा नवशिक्याचा खरा मासा. १९५२ साली तो भारतात बाहेरून आणला गेला आणि आज तो जवळपास प्रत्येक संथ पाण्यात आहे. त्याचे तोंड लहान असते, म्हणून गांडुळाचा पेराएवढा तुकडा लहान गळावर लावला की तो घेतो. शिंगटी आणि शिंगाळा संध्याकाळनंतर चरायला निघतात; त्यांना अख्खे गांडूळ किंवा झिंगा आवडतो. वाम दगडांच्या फटीत आणि चिखलात राहते आणि रात्री बाहेर येते, तिच्यासाठी गांडुळासारखे दुसरे आमिष नाही. मरळ मात्र दबा धरून शिकार करते. तिला हलणारी मासोळी किंवा उड्या मारणारा झिंगा दाखवावा लागतो. शिवडा मोठा आणि खादाड असतो, तो खोल डोहात राहतो. त्याच्या वाट्याला जाण्याआधी काही महिने लहान माशांवर हात बसू द्यावा.

पहिल्या हंगामात फक्त गांडूळ वापरावे, असा माझा आग्रह आहे. ते स्वस्त असते, घरी वाढवता येते, पाण्याची बादली वाहून न्यावी लागत नाही, आणि चिलापीपासून वामेपर्यंत बहुतेकांना ते चालते. झिंगे आणि मासोळ्या दुसऱ्या वर्षी हाती घ्याव्यात.

गांडूळ: पेटी तयार करण्यापासून नदीपर्यंत

पावसाळ्यात सोसायटीच्या बागेत, कुंड्यांच्या खाली आणि केळीच्या बुंध्याशी काडू, म्हणजे मातीतली गांडुळे, सहज सापडतात. ती लगेच वापरायला उत्तम असतात, पण पेटीत फार दिवस टिकत नाहीत, कारण ती जमिनीत खोल बिळे करून राहणारी असतात. बागेत कीटकनाशक फवारले असेल तर तेथली गांडुळे घेऊ नयेत. घरी साठवण्यासाठी गांडूळ खताची गांडुळे घ्यावीत. ती रोपवाटिकेत, कृषी विज्ञान केंद्रात किंवा ओला कचरा जिरवणाऱ्या एखाद्या सोसायटीत मिळू शकतात. त्यांत आयसेनिया फेटिडा आणि युड्रिलस युजेनिए या दोन जाती नेहमी भेटतात. पहिली लालसर आणि पट्टेदार असते. तिला डिवचले की पिवळट, उग्र वासाचा द्रव येतो. दुसरी लांब, जाड आणि जांभळट झाक असलेली असते. ती उष्ण प्रदेशातली असल्यामुळे ठाण्याच्या हवेला जास्त मानवते आणि गळावरही चांगली दिसते. दोन्ही मिळत असतील तर युड्रिलस घ्यावी.

येथे एक सावधगिरीची सूचना. परदेशी व्हिडिओंमध्ये गांडुळांचा डबा फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. तो सल्ला थंड प्रदेशातल्या जातींसाठी आहे. युड्रिलसला फ्रिजची थंडी सोसत नाही, ती मलूल होऊन मरते. आपल्याकडे घराची सावलीतली, हवेशीर जागाच तिच्यासाठी योग्य.

पेटीसाठी मासळी बाजारात मिळणारा थर्माकोलचा खोका सर्वांत चांगला, कारण तो बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. खोका धुऊन उन्हात वाळवावा. तळाला पाणी निथळण्यासाठी आणि वरच्या कडेला हवेसाठी पेन्सिलीने छिद्रे पाडावीत, आणि ती मच्छरदाणीच्या तुकड्याने आतून झाकावीत. आत वीस ते पंचवीस सेंटिमीटर जाडीचा थर भरावा: दोन भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि एक भाग जुने, कोरडे झालेले शेण. कोकोपीटमध्ये मीठ असू शकते आणि मीठ हे गांडुळांचे विष आहे, म्हणून ते दोनदा भिजवून, पिळून, पाणी फेकून मगच वापरावे. ताजे शेण घालू नये, ते कुजताना तापते.

ओलावा पाहण्याची रीत सोपी आहे. भरलेल्या थरातून मूठभर घेऊन घट्ट दाबावे. बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब आले तर ओलावा बरोबर, धार लागली तर जास्त, आणि मूठ उघडताच गोळा भुगा झाला तर कमी. गांडूळ त्वचेने श्वास घेते आणि त्यासाठी त्वचा ओली लागते, पण साचलेल्या पाण्यात हवा मिळत नाही म्हणून ते गुदमरते. म्हणून पेटीत पाणी ओतू नये, शिंपडावे.

थर भरल्यावर तीन-चार दिवस पेटी तशीच ठेवावी आणि रोज हात घालून पाहावे. आत ऊब जाणवेनाशी झाली की गांडुळे वरती पसरावीत आणि पेटी उजेडात ठेवावी. धडधाकट गांडुळांना उजेड नको असतो. ती अर्ध्या तासात खाली शिरतात, आधी टोक आत जाते, मग सगळे अंग एका ओढीत नाहीसे होते. जी वरच सैल पडून राहतील ती जखमी किंवा मरणाला टेकलेली असतात. ती काढून टाकावीत. एक गांडूळ मेले की ते चिकट, दुर्गंधी पाणी सोडते आणि आजूबाजूची गांडुळेही मरू लागतात, म्हणून ही पहिली निवड फार महत्त्वाची आहे.

खायला जुने शेण, भाज्यांची देठे, केळीची साल आणि थोडी चहाची धुतलेली पूड चालते. लिंबू, कांदा, लसूण, तेल, मीठ आणि मसाला असलेले काहीही चालत नाही, म्हणजे आपल्या ताटातले उरलेले अन्न घालायचेच नाही. एका वेळी मूठभर घालावे आणि ते संपल्यावरच पुढचे घालावे. जास्त झालेले अन्न आंबते, पेटी तापते आणि घरात वास सुटतो, मग घरच्यांचा विरोध सुरू होतो. नीट राखलेल्या पेटीला पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो.

मुंग्या हा फ्लॅटमधल्या पेटीचा मुख्य शत्रू. पेटी चार वाट्यांवर उभी करावी, वाट्यांत पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालावेत. पावसाच्या पहिल्या दिवसांत गांडुळे रात्री पेटीबाहेर निघू पाहतात. तेव्हा वरती लहान दिवा चालू ठेवला की ती आतच राहतात. मे महिन्यात पेटीवर ओले गोणपाट टाकावे आणि दुपारी पाणी गोठवलेली एक बाटली कागदात गुंडाळून थरावर ठेवावी. पेटीला लागलीच हात लावू नये. अंड्यांच्या कोषापासून पूर्ण वाढलेले गांडूळ तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, तोवर जेवढी गांडुळे घातली तेवढीच आहेत असे धरून चालावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी लागतील तेवढीच गांडुळे, म्हणजे सकाळभरासाठी तीस-चाळीस, वेगळी काढून ओलसर काथ्यात किंवा फाडून ओल्या केलेल्या वर्तमानपत्रात ठेवावीत. रात्रभरात त्यांच्या पोटातली माती बाहेर पडते, त्वचा घट्ट होते आणि गळावर ती फाटत नाहीत. नेण्यासाठी जुन्या लोकांची करवंटीची पद्धत आजही चांगली आहे: अर्ध्या करवंटीत ओला काथ्या, त्यात गांडुळे, वरून ओले फडके. करवंटी नसेल तर छिद्रे पाडलेला दह्याचा डबा घ्यावा. डब्यात नुसते पाणी ठेवू नये, बर्फ थेट लावू नये. काठावर डबा सावलीत ठेवावा आणि सावली सरकली की डबाही सरकवावा. डास पळवणारे मलम किंवा तंबाखू लागलेल्या हाताने आमिषाला स्पर्श करू नये. त्या हाताने गांडुळाला इजा होते, आणि वासाने मासाही दूर राहतो.

झिंगे

गोड्या पाण्यातली लहान कोळंबी, म्हणजे झिंगे, काठाजवळच्या पाणवनस्पतींत आणि दगडांखाली असतात. ते त्याच नदीतून, त्याच दिवशी, बारीक जाळीच्या झोळीने पकडावेत. खाडीतली कोळंबी आणून नदीत वापरण्याचा मोह ठाणे-नवी मुंबईकरांना होतो, कारण ती बाजारात जिवंत मिळते. खाऱ्या पाण्यातली कोळंबी गोड्या पाण्यात घातली की लवकर मरते आणि गळावर निपचित लोंबते. मेलेल्या कोळंबीच्या वासावर शिंगटी येईल, पण मग ते जिवंत आमिष राहिले नाही.

जिवंत झिंगा जवळजवळ पारदर्शक असतो. उजेडासमोर धरला की आतली काळसर आतडी दिसते. अंग दुधाळ पांढरे होऊ लागले की तो काही वेळातच मरणार. पोटाखाली अंड्यांचा घोस घेऊन फिरणारी मादी सापडली तर ती परत सोडावी. झिंगे पाण्याच्या बादलीतच ठेवावेत असे नाही. दोन-तीन तासांपुरते ते ओल्या गोणपाटात किंवा ओल्या पाणगवतात, सावलीत, एकमेकांवर न रचता ठेवले तर त्यांच्या कल्ल्यांना पुरेसा ओलावा मिळतो आणि ते गर्दीच्या पाण्यापेक्षा जास्त टिकतात. घरी साठवण्याचा प्रयत्न करू नये. कात टाकलेल्या मऊ झिंग्याला बाकीचे खाऊन टाकतात.

मासोळ्या

बोटाएवढ्या मासोळ्या सांभाळणे सर्वांत अवघड, आणि त्याचे कारण पाण्यातला प्राणवायू. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. त्याच वेळी उष्णतेमुळे माशाची प्राणवायूची गरज वाढते. एप्रिलच्या दुपारी पंपाशिवाय ठेवलेली गच्च भरलेली बादली या दोन्ही बाजूंनी मारक ठरते. भर म्हणून मासोळ्यांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया पाण्यात साठत जातो.

म्हणून १० लिटरच्या बादलीत, बॅटरीवरचा एअर पंप असेल तर पाच-सहा मासोळ्या ठेवाव्यात, पंप नसेल तर दोनच. असे पंप आणि हवेचे दगड (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत फोडणारे) मत्स्यपेटीच्या सामानाच्या दुकानात मिळतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात अशी बरीच दुकाने आहेत. पाणी नदीचेच वापरावे. घरून नळाचे पाणी न्यावे लागलेच, तर ते उघड्या बादलीत २४ तास ठेवावे, म्हणजे त्यातले क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर त्याच दुकानात क्लोरीन घालवणारे थेंब मिळतात. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात सोडताना पिशवी पंधरा-वीस मिनिटे नव्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे पाणी मिसळावे. लिटरमागे ३ ग्रॅम साधे खडे मीठ घातले तर मासोळ्यांवरचा ताण कमी होतो. हे मीठ फक्त माशांसाठी, गांडुळांच्या जवळपासही नेऊ नये.

बादलीकडे दर दहा-पंधरा मिनिटांनी पाहावे. मासोळ्या पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागल्या म्हणजे प्राणवायू संपत आला. अशा वेळी अर्धे पाणी बदलावे आणि पाणी वरून धार धरून ओतावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. पाण्यावर न फुटणारा फेस साचला असेल तर सगळेच पाणी बदलावे. सर्वांत चांगला उपाय म्हणजे बादलीच टाळणे: बारीक जाळीची पिशवी नदीत, सावलीच्या बाजूला, दगडाला बांधून ठेवावी.

मासोळ्या कोणत्या घ्याव्यात याबद्दल मी काटेकोर आहे. त्या त्याच नदीतल्या असाव्यात. मत्स्यपेटीचे मासे, गप्पी, गटारातले गॅम्बुसिया, सकर किंवा बाजारातला थाई मागूर आमिष म्हणून नेऊ नये. एक मासा गळावरून सुटला, तरी तो त्या पाण्याचा कायमचा रहिवासी होऊ शकतो. थाई मागूर नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकन मागुराच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली आहे, कारण तो स्थानिक मासे फस्त करतो. माशांच्या अंगावर व्रण पाडणारा रोग १९८८ साली भारतात आला आणि त्याने मरळ, शिंगी, मागूर यांसारख्या माशांचे अतोनात नुकसान केले; आमिषाच्या बादलीतले पाणी एका डोहातून दुसऱ्या डोहात ओतले की अशा रोगांचे बीजही सोबत जाते.

नाकतोडे आणि बेडूक

ऑक्टोबरनंतर गवतात नाकतोडे भरपूर असतात. पहाटे दवाने जड झालेले असताना ते हाताने पकडता येतात. छिद्रे पाडलेल्या बाटलीत कोरडे गवत घालून ठेवावे. आत ओल धरली की ते मरतात. संथ पाण्यावर तरंगणाऱ्या नाकतोड्याला चिलापी वरती येऊन उचलते.

मरळीसाठी बेडूक वापरण्याची जुनी चाल आहे. ती सोडावी. बेडकांच्या काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, नवशिक्याला जाती ओळखता येत नाहीत, आणि पावसाळ्यात सापडणारा बेडूक प्रजननाला निघालेला असतो. मरळ मासोळीवर तितक्याच ओढीने येते.

गळाला लावण्याची रीत

चिलापीसाठी ८ ते १० क्रमांकाचा लहान गळ, शिंगटी आणि वामेसाठी ४ ते ६, मरळीसाठी १ किंवा १/० पुरतो. क्रमांक वाढला की गळ लहान होतो, हे सुरुवातीला गोंधळात टाकते. शून्य लागलेले मात्र मोठे असतात. गळाचा आतला काटा पकडीने चेपून टाकावा. लहान मासा परत सोडायचा असेल तर तो पटकन सुटतो, आणि बोटात गळ घुसलाच तर तोही निघतो.

गांडुळाच्या अंगावर डोक्याकडच्या बाजूला फिकट, जाडसर कडे असते. अख्खे गांडूळ लावायचे असेल तर गळ त्या कड्यातून एकदाच आरपार न्यावा आणि दोन्ही टोके मोकळी सोडावीत, म्हणजे ती वळवळत राहतात. गांडुळाचा गुंडाळा करून गळ पुरा झाकण्याची घाई नवशिके करतात. त्याने गांडूळ लवकर मरते. लहान मासे टोके कुरतडून पळत असतील तेव्हाच तुकडा करून गळावर सरकवावा.

झिंग्याला शेपटीच्या आधीच्या वळीतून, वरच्या बाजूने गळ घालावा. डोक्यातला गडद ठिपका टाळावा, तो दुखावला की झिंगा तत्काळ मरतो. मासोळीला दोन्ही ओठांतून किंवा पाठीवरच्या पराच्या मागे, कण्याला न लागता, वरच्या मांसातून गळ घालावा. ओठांतून लावलेली मासोळी वाहत्या पाण्यात सरळ राहते, पाठीतून लावलेली संथ पाण्यात जास्त हालते. हे सगळे काम पाण्याजवळ, ओल्या हाताने आणि काही सेकंदांत उरकावे. कोरड्या, गरम हातांनी मासोळीच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो. जखमी आणि पोहू न शकणारी मासोळी गळावर ठेवू नये. तिच्या डोक्यावर एक नेमका घाव घालून तिला लगेच मोकळे करावे.

टाकताना काठी झटक्याने फिरवली की आमिष गळावरून सुटून जाते. खालून हलके झुलवून टाकावे. तंगुसाला लावलेले शिशाचे वजन गळापासून एक वीतभर वर असावे, म्हणजे आमिषाला हालचाल करायला मोकळीक राहते. दर वीस मिनिटांनी गळ वर काढून पाहावा. पांढरे, सुरकुतलेले गांडूळ बदलावे. शिंगटी लागली तर ती सोडवताना ओल्या फडक्याने धरावी. तिच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे खोल रुततात आणि जखम फार ठणकते.

वलगणीचे दिवस

पहिल्या मोठ्या पावसात मासे ओढ्यांतून आणि शेतांच्या बांधांतून वर चढतात. ठाणे-रायगडात याला वलगण म्हणतात, आणि त्या दिवसांत माणसे टोपल्या, जाळी घेऊन धावतात. त्या माशांच्या पोटात गाबोळी भरलेली असते आणि ते अंडी घालायला निघालेले असतात. एका मादीबरोबर हजारो पिल्ले जातात. त्या आठवड्यांत गळ घरीच ठेवावा. याच काळात मरळीचे नर-मादी लालसर पिल्लांच्या थव्याखाली पहारा देत असतात आणि पिल्लांजवळ आलेल्या कोणत्याही मासोळीवर तुटून पडतात. तशी मरळ गळाला लावणे फार सोपे असते, आणि म्हणूनच लावू नये. ती गेली की बाकीचे मासे पिल्लांचा थवा संपवतात. पाण्यावर लालसर बुडबुड्यांसारखी हालचाल दिसली की तेथून गळ काढून दुसरीकडे जावे.

उरलेले आमिष

परत निघताना उरलेली गांडुळे नदीत किंवा काठच्या झाडीत टाकू नयेत. खताची गांडुळे बाहेरून आलेल्या जातींची असू शकतात आणि त्यांना जंगलाच्या मातीत सोडणे योग्य नाही. ती घरी आणून पेटीत परत घालावीत. त्याच नदीतून त्याच दिवशी घेतलेले झिंगे आणि मासोळ्या धडधाकट असतील तर जेथून घेतल्या तेथेच सोडाव्यात. मेलेले जीव काठापासून दूर मातीत पुरावेत. बादलीतले पाणी नदीत न ओतता लांब कोरड्या जमिनीवर ओतावे.

घरी आल्यावर झोळी, जाळीची पिशवी आणि बादली स्वच्छ धुऊन पुढच्या वेळेपर्यंत कडक उन्हात पूर्ण वाळवावी, विशेषतः पुढच्या वेळी नदी बदलणार असेल तर. हाताला कोठे कापले किंवा टोचले असेल तर साबणाने धुऊन जंतुनाशक लावावे. पावसाळ्यात साचलेल्या किंवा गढूळ पाण्यात उतरल्यानंतर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच पाण्यातून, अंगावरच्या जखमांमधून शरीरात शिरतात, आणि उपचार लवकर सुरू झाले तर हा आजार बरा होतो.